माहेरची मीटरगेज, सासरची नॅरोगेज

माझं माहेर नांदेडचं, इतवाऱ्यातलं, सासर लातूरचं. १९७८ साली लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळल्या, रूळ मात्र जुळले नाहीत. माहेरी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत नेमकं एक मीटर अंतर. सासरी बार्शी लाइट, तिथं अडीच फूट. "ही गाडी आहे की खेळणं?" असं मी नव्या नवरीच्या अजाण वयात विचारून बसले. त्या एका वाक्याचं व्याज अजून फिटलेलं नाही.

खरं तर दोन्ही गाड्या आम्ही पाहिल्या कमी, ऐकल्याच जास्त. दिवसा गावाच्या गलक्यात गाडी कुठं ऐकू येते? ती यायची रात्री, सगळं गाव निजल्यावर.

नांदेडवरून मनमाड-सिकंदराबाद लाइन गेली ती निजामाच्या काळात, १९०० साली. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर निजायचो. उत्तरेकडून शिट्टी आली की दादा कूस बदलत म्हणायचे, "अजिंठा गेली. झोपा आता." काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्स्प्रेस रात्री धावायची, हे खरं. पण दहाला गेली तीही अजिंठा, पहाटे चारला गेली तीही अजिंठाच. त्यात मालगाड्या किती असतील ते देव जाणे. आमच्या गच्चीवरून अंधारात दुसरी गाडी कधी गेलीच नाही.

थंडीत तर आवाज उशाशी यायचा. "स्टेशन जवळ आलं बघ, गारठा वाढणार," आई म्हणायची. आम्ही हसायचो. पुढं कॉलेजात कळलं की निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची ऊबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. आईनं भौतिकशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. तिला गोधड्या कधी काढायच्या एवढंच ठरवायचं असायचं.

लातूरची शिट्टी बारीक, दुधाच्या दातांच्या पोरानं वाजवावी तशी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली ही लाइन १९११ साली लातूरला पोचली. पहिल्याच आठवड्यात एका रात्री शिट्टी झाली आणि शेजारच्या अंथरुणात पांघरुणातून दोन हात बाहेर आले, जोडले गेले, परत आत गेले. सासूबाई! डोळे मिटलेलेच. ही लाइन कुर्डुवाडीवरून पंढरपूरला जाते, म्हणून तो नमस्कार. एकदा मी धीर करून म्हटलं, "आई, ही तर तिकडून आलेली गाडी." म्हणाल्या, "मग काय झालं माय? दर्शन घेऊन आली ना!"

आमचे हे मात्र भक्तीपेक्षा अभिमानवाले. चढावर उतरून शेतातला हरभऱ्याचा डहाळा उपटावा आणि चालत येऊन आपल्याच डब्यात बसावं, असं ते गाडीचं कौतुक म्हणून सांगायचे. पोरांना ते पटायचं, मलाही हळूहळू पटायला लागलं. संसारात असं होतं.

मग नांदेडला ब्रॉडगेज आली, आणि २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडीही रुंद झाली. दोघांचीही गाडी साडेपाच फुटांची, भांडण संपलं. रूळही आता वितळवून सलग जोडलेले. पूर्वी दर सांध्यावर चाक बोलायचं, त्या ठेक्यावर झोप लागायची. आता नुसतं सूंऽऽ करून निघून जाते. रात्री झोप येईना तर मी खिडकीत बसते. लांबच्या फाटकाच्या दिव्याखालून मालगाडीची एकेक वाघीण उजेडात येते, पुन्हा काळोखात शिरते. मी मोजते. चाळीसच्या पुढं कधी गेले नाही. वाघिणी मोजता मोजता निजणारी बाई लातुरात मी एकटीच असेन.

अपवाद एकच. ११ एप्रिल २०१६ ची रात्र. गाव तहानलेलं, हंडे रांगेत, आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाल्याची बातमी. आमच्या गल्लीत कोणी नीट झोपलं नाही. पहाटे हे उठवायला आले, पण मी जागीच होते. स्कूटरवरून रुळाच्या कुंपणाशी गेलो. तिथं आधीच माणसं उभी, सगळी गप्प, कान कुर्डुवाडीकडं.

शिट्टी झाली. जाड, ब्रॉडगेजची. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. वाट मात्र जुन्या छोट्या गाडीचीच. "आमच्याच वाटेनं आली," हे हळूच म्हणाले. सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी पाहिलं तर ह्यांचे हात जोडलेले.

मी मोजायला लागले. एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. डोळा लागायच्या आत मोजून झाल्या. दहाच होत्या.