टक्केअण्णा

"माझ्या शंभर रुपयांतले गरजूपर्यंत प्रत्यक्ष किती पोचतात, तेवढं सांगा." हा प्रश्न फोनवर, खर्जात आणि हातात पेन्सिल धरून विचारला जात असेल, तर पलीकडे टक्केअण्णा आहेत असं खुशाल समजावं. बहुतेक वेळा ते राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले असतात. पेन्शन वेळेवर, मुलगा परदेशी, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. समाजाचं आपण काही देणं लागतो ही भावना त्यांच्या मनात खरोखरच असते, फक्त ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उचल खाते. 'लोकसत्ता' २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो. अण्णांच्या फायलीत ती सगळी कात्रणं तारीखवार लावलेली आहेत. फाईल फुगत गेली आहे, पासबुकावर मात्र तिचा फारसा परिणाम दिसत नाही. कारण संस्थेतली ताई "काका, आमचा प्रशासकीय खर्च साधारण अठरा टक्के" म्हणाली की अण्णा कात्रणाच्या समासात १८ लिहितात, त्याभोवती गोल काढतात आणि पुढच्या कात्रणाकडे वळतात. दोन आकडी खर्चाची संस्था बाद. एक आकडी निघाली तर तीन वर्षांचे ताळेबंद मागवायचे, विश्वस्तांची यादी मागवायची, ८०-जीचं प्रमाणपत्र मागवायचं. स्वतः अण्णांनी नवी करप्रणाली घेतली आहे आणि तिथे ८०-जीची वजावट मिळतच नाही, पण असावं हाताशी. एवढ्या छाननीतून जी संस्था तरते, तिला पाचशे एक रुपये जातात.

अण्णांना चिक्कू म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहणारी आणि वर्षभरानंतर पत्त्यावर न सापडणारी मंडळी त्यांनी पाहिली आहेत. नवरा अध्यक्ष, बायको सचिव आणि मेहुणा खजिनदार असे ट्रस्टही पाहिले आहेत. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्यात असा कायदा आहे, आणि त्या खाटा मागायला गेलेल्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतात. तेव्हा चौकशी करावी, हे अण्णांचं म्हणणं बिनतोड आहे. घोटाळा आहे तो त्यांनी निवडलेल्या मोजपट्टीत. प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावर चोर सापडत नाही, उलट चोराचाच आकडा सगळ्यांत देखणा असतो. ज्याला कामच करायचं नाही त्याला कार्यालय लागत नाही, हिशेबनीस लागत नाही, तो बेधडक दोन टक्के लिहितो. अठरा लिहिते ती बिचारी प्रामाणिक संस्था, कारण तिच्याकडे अठरा मोजणारा माणूस असतो. शिवाय जीपचं डिझेल 'प्रशासन' या सदरात टाकायचं की 'आरोग्य कार्यक्रम' या सदरात, हे शेवटी सनदी लेखापालाच्या पेनावर अवलंबून असतं. सरकारही या बाबतीत अण्णांच्याच बाकावर बसलेलं आहे. परदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. अशा मर्यादेने काम सुधारतं की नोंदी कुठल्या सदरात टाकायच्या याचं कसब सुधारतं, हे कुठल्याही अनुभवी हिशेबनिसाला विचारावं. तो नुसता हसेल.

त्या अठरा टक्क्यांत असतं तरी काय? अण्णांच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित खोली आणि फिरती खुर्ची येते. बहुतेक ठिकाणी तिथे एक लाकडी टेबल असतं, त्यावर जुना संगणक, रबरी शिक्के, पावतीपुस्तकं आणि एक बाई. बाईंसमोर बँकेचं विवरण उघडलेलं असतं आणि त्यात यूपीआयने आलेले पाचशे रुपये, शेऱ्यात फक्त 'दान'. कोणाचे? फोन नंबर नाही, पॅन नाही. २०२१-२२ पासून देणगीदारांच्या पॅनसकट तपशिलांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. म्हणून बाई त्या अनामिक दात्याचा माग काढत बसतात. तो दाता जूनमध्ये आपण होऊन उगवतो आणि "माझं सर्टिफिकेट अजून आलं नाही" म्हणून रागावतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे हिशेब याच टेबलावर तयार होतात. अण्णांनी मागितलेल्या तीन ताळेबंदांच्या झेरॉक्सही याच टेबलावरून निघतात, शिवाय त्यांना कुरिअरने पाठवाव्या लागतात, कारण मोबाईलवर अण्णांना अक्षर दिसत नाही. म्हणजे अठरातला काही हिस्सा खुद्द अण्णाच आहेत. पाचशे एक रुपयांच्या देणगीसाठी संस्थेचा अर्धा दिवस खर्ची घालायचा आणि मग संस्थेचा खर्च जास्त म्हणून नाक मुरडायचं, ही बँकिंगच्या भाषेत बुडीत कर्जाची उत्तम तयारी आहे.

पण कार्यालयाची बाजू घेणं एवढाच मुद्दा असता तर तो किरकोळ होता. मोठा मुद्दा असा की पुष्कळदा अण्णा ज्याला वरखर्च म्हणतात, तेच काम असतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांच्या मृत्यूवर केलेला प्रयोग अण्णांच्या पेन्सिलीखाली धरून पाहावा. एकोणचाळीस गावांत गावातल्याच एकेका बाईला शिकवून तयार केलं. तिने घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब मिळते का पाहायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. त्याच वेळी आणखी सत्तेचाळीस गावांत या सेवा दिल्या नाहीत, फक्त जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे नोंदवले. तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांतलं नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे बासष्ट टक्क्यांनी कमी भरलं, आणि १९९९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आता अण्णांच्या हिशेबाने याची झडती घेऊ. बाळाच्या अंगाला प्रत्यक्ष काय लागलं? थोडं औषध, एक वजनकाटा, उबदार कापड. बाकी सगळं प्रशिक्षण, देखरेख, रजिस्टर, फिरती आणि पगार, म्हणजे अण्णांच्या कोष्टकात वरखर्च. आणि त्या सत्तेचाळीस गावांचं काय करायचं? तिथे तर लाभार्थी शून्य, खर्च शंभर टक्के. अण्णांनी ती गावं पहिल्या फटक्यात कापली असती. मग उरलेल्या एकोणचाळीस गावांत बाळं वाचली ती या कामामुळे, की पाऊसपाणी बरं झालं म्हणून, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं आणि कुठल्याही सरकारने ती कल्पना उचलली नसती. अण्णांच्या पेन्सिलीने अगदी वायफळ ठरलेल्या खर्चातून देशाला सगळ्यांत जास्त मिळालं.

यावर अण्णांचं तयार उत्तर असतं. सगळ्याच संस्था काही 'लॅन्सेट'मध्ये छापून येत नाहीत. बरोबर आहे. तालुक्याच्या गावातल्या तीस मुलींच्या वसतिगृहाकडे तुलनेची गावं मागायला जाणं हा नवा टक्केअण्णापणा होईल. तिथे साधे प्रश्न पुरतात. गेल्या वर्षी काय करून पाहिलं आणि काय फसलं, याचं उत्तर ज्यांना सुचतं त्यांनी काहीतरी केलेलं असतं. सगळं यशस्वीच झालं म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहावं. विश्वस्तांची आडनावं वाचावीत. आणि जमल्यास ध्वजवंदनाच्या किंवा वर्धापनदिनाच्या दिवशी न जाता एखाद्या भाकड मंगळवारी दुपारी जावं. माझी स्वतःची आवडती कसोटी वेगळीच आहे, ही संस्था दात्याला 'नको' म्हणू शकते का? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कोणी न उचलल्यामुळे पडून राहिले होते, आणि ते निवडून मार्गी लावायला 'गूंज'सारख्या संस्थेला राबावं लागलं. "आम्हाला कपडे नकोत, सॅनिटरी पॅड आणि औषधं पाठवा" असं सांगणाऱ्या संस्थेला आपल्या माणसांची गरज ठाऊक असते. अण्णांना मात्र असं उत्तर ऐकलं की उद्धटपणा वाटतो.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. "त्यापेक्षा कामवाल्या मावशींच्या मुलीची फी भरतो, शंभरातले शंभर पोचतात." भरावी, अवश्य भरावी. त्या फीला कुठलीही संस्था पर्याय नाही. पण मावशी अण्णांच्या घरी येतात म्हणून अण्णांना दिसतात. ज्यांच्या आया कोणाच्याच घरी भांडी घासायला येत नाहीत, ज्यांच्या गावाला जायला एसटी दिवसातून एकदा, त्या मुलींपर्यंत अण्णांचा हात कसा पोचणार? तिथपर्यंत कोणीतरी जावं लागतं, आणि जाणाऱ्याला तिकीट लागतं. तिकिटाचा खर्च कुठल्या सदरात पडतो ते आता सांगायला नको.

गंमत अशी की ही खोड एकट्या अण्णांची नाही, कोथरूड-डोंबिवलीचीही नाही. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत चाळीस हजार संभाव्य दात्यांना चार गटांत विभागून एकाच कामासाठी पत्रं पाठवली. नुसतं आवाहन केलेल्या गटाकडून सुमारे आठ हजार डॉलर आले. एका मोठ्या दात्याने तुमच्याइतकीच भर घालायचं कबूल केलं आहे, असं ज्या गटाला सांगितलं त्याने बारा हजारांच्या वर दिले. आणि त्या मोठ्या दात्याने वरखर्च आधीच उचलला आहे, असं ज्यांना कळवलं त्यांनी तेवीस हजार. म्हणजे पगार देऊ नयेत असं दात्यांचं म्हणणं नसतं. पगार जरूर द्या, फक्त माझ्या पैशातून नको! आता सगळेच असं म्हणाले तर पगार कोणाच्या पैशातून द्यायचा, हा प्रश्न अण्णांना निदान अण्णांनी तरी विचारायला हवा होता. कारण छत्तीस वर्षं शाखेत बसून त्यांनी एकही नोट छापली नाही की एकही मोटार विकली नाही. ते स्वतःच बँकेचा वरखर्च होते, आणि महागाई भत्त्यासाठी फाटकाशी घोषणाही देत होते. तेव्हा ठेवीदारांनी कधी त्यांच्याभोवती गोल काढला नाही. गणपतीच्या वर्गणीला बनियनवर आलेल्या पाच पोरांना ते आजही एक हजार एक रुपये निमूट देतात. ताळेबंद मागत नाहीत, कारण पोरं खालीच राहतात आणि स्कूटरही खालीच असते.

मात्र संस्थेला मोठी रक्कम द्यायची वेळ आली की अण्णा पंखा देतात. पंख्यात गळती नाही, पंखा दिसतो, फिरतो आणि त्याच्या पात्यांवर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' लिहिता येतं, जे पंखा बंद असतानाच वाचता येतं. म्हणून वसतिगृहात पंखा द्यायला वीस जण रांगेत असतात आणि पंख्यांचं वीजबिल भरायला कोणी नसतं. जेवणाचंही तेच. पितृपंधरवड्यात बालगृहाचा फोन खणखणत असतो, एकाच तिथीला तीन घरच्या खिरी येऊन पडतात, आणि श्राद्धं संपली की मुलं पुन्हा संस्थेच्या आमटीवर. नाव लावण्यात मुळात वावगं काही नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाख दिले आणि आईचं नाव लावलं. ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आजही पदव्यांवर आहे. फरक एवढाच की ठाकरसींनी आईचं नाव चालत्या विद्यापीठाला दिलं, एखाद्या वर्गातल्या फळ्याला नाही.

तेव्हा संस्थांनी अण्णांना सुधारायच्या भानगडीत न पडता त्यांच्या स्वभावाला धरूनच दर लावावेत असं वाटतं. हिशेबनीस बाईंचा एक महिन्याचा पगार, जीपचं एक वर्षाचं डिझेल, एप्रिल-मेचं वीजबिल, सगळ्यांपुढे रक्कम, सगळ्यांपुढे 'स्मरणार्थ' लिहायला जागा, आणि दर्शनी भिंतीवर एक मोठा फलक. अण्णा हो म्हणतील. फक्त आधी फलकाचं माप विचारतील, आणि आपलं नाव पंख्याच्या वाऱ्यात येतं की कोपऱ्यात, तेही.