काचेच्या तंतूची खिदमत

जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडण्याच्या मोबदल्यात सिद्दी अब्दुल करीम ऊर्फ बाळूमियाँ यांनी १७९१ साली पेशव्यांशी तहनामा करून सुरतेजवळील सचिनची जहागीर पदरात पाडून घेतली आणि पेशव्यांच्या हाती जंजिरा मात्र कधीच लागला नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे कबूल झालेली वस्तू हाती न पडण्याची या सचिन गावाची परंपरा किती जुनी आहे ते कळून येते. तेव्हा शंभर एमबीपीएस इंटरनेटचा करार करूनही तेवढा वेग मिळत नाही म्हणून येथील एखाद्या शेठने कपाळाला हात लावावा, हे इतिहासाच्या अज्ञानाचेच द्योतक होय. तथापि दोष दर वेळी करार लिहून देणाऱ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो राउटरच्या पाठीमागे, जेथे सहसा झाडूही पोहोचत नाही, तेथे मुक्कामास असतो. आणि मोबाईल बरा चालवता येतो एवढ्याच गुणावर ज्याच्याकडे कारखान्यातील 'नेटचे काम' सोपवले जाते, त्या उधना-लिंबायतकडून येणाऱ्या खानदेशी तरुणाच्या उपयोगार्थ पुढील मार्गदर्शन आहे.

सचिन संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण नवाबी मिजाज फायबरच्या पिवळ्या तारेत शिल्लक आहे, असे मानून वागावे. सिंगल मोड तारेत प्रकाशाची वाट अवघी ९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा असते. मागांवरून उडणाऱ्या सुताच्या भुग्याचा एखादा कण कनेक्टरच्या पांढऱ्या टोकावर बसला, की सुरतेचा सारा हिशेब तेथेच अडतो. अशा प्रसंगी टोक सदऱ्याला पुसण्याची आणि त्यावर फुंकर घालण्याची जी सार्वत्रिक चाल आहे ती सर्वथा त्याज्य समजावी, कारण पहिलीने भुगा वाढतो आणि दुसरीने थुंकीचे तुषार चिकटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदावर टोक एकाच दिशेने फिरवावे, त्याच जागी पुन्हा घासू नये, मग कोरड्या कागदाने टिपावे. आणि तार जोडावयाची नसेल तेव्हा तिच्या मुखावर टोपी घालावी. ती टोपी पहिल्याच दिवशी हरवते, हा नियम मात्र कोणासही मोडता आलेला नाही.

'उजेड येतोय का' हे पाहण्यासाठी टोक डोळ्याशी धरणारे जिज्ञासू प्रत्येक खात्यात असतात. त्यांना नम्रपणे सांगावे, की हा प्रकाश १३१०, १४९० अशा नॅनोमीटरांचा, मनुष्यमात्राच्या दृष्टीपलीकडचा असल्यामुळे तो दिसणार तर नाहीच, पण तीव्र असल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा तेवढी करील. परीक्षा पॉवर मीटरने करावी, आणि तो नसेल तर राउटरवरील एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरपल्याचा, दिवा लाल आहे की विझला आहे, एवढ्यावर समाधान मानावे.

बंधनाविषयी विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण सुताच्या गावात प्रत्येक वस्तू सुताने बांधली जाते. मागावरचा पॉलिस्टर धागा दाताने तोडून तारेभोवती सात वेढे देऊन करकचून गाठ मारली, की बांधणाऱ्यास कर्तव्यपूर्तीचा आनंद होतो आणि आतील प्रकाश आवळलेल्या जागी बाहेर झिरपू लागतो. साध्या तारेच्या वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरांहून कमी होऊ देऊ नये. वळण सोसणाऱ्या नव्या तारा याहून सहनशील असल्या, तरी सहनशीलतेची परीक्षा खिळ्यावर घेऊ नये. सैल वेटोळे करून वेल्क्रोची पट्टी लावावी.

हिरवे कनेक्टर हिरव्यातच बसवावे, निळ्यात नव्हे. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असते. तांब्याच्या लॅन केबलीविषयी इतकेच, की ती १०० मीटरांपुढे ओढू नये, मोटारीच्या वायरीला समांतर नेऊ नये, आणि प्लगची जीभ तुटल्यास माचिसची काडी खोचण्याऐवजी नवा प्लग क्रिंप करवून घ्यावा.

शेवटी चिठ्ठी. केबलीच्या दोन्ही टोकांस नाव लिहावे, हे सर्वमान्य असून कोणी करीत नाही. 'हात लावू नये' ही सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि उडिया अशा चारही भाषांत लावून पाहावी. ती वाचताच प्रत्येक भाषिक हात लावून पाहतो. त्याऐवजी 'शॉक बसेल' असे लिहावे. काचेतून वीज वाहत नाही, हे कोणास सांगू नये.