साडेसदतीस आबा

पाटण तालुक्यातला माणूस मुंबईला जातो आणि निवृत्त होऊन परत येतो. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, तेव्हा ही वहिवाट जुनी. परतलेल्यांपैकी काही भजनात रमतात, काही भावकीच्या बांधावर. उरलेले आबा होतात आणि घरात कोंबडीची अंडी उबवतात.

आमच्या आळीतल्या आबांची पेटी घरगुती आहे. थर्माकोलचं खोकं, दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि बल्ब आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट. आत ३७.५ डिग्री. 'काय आबा, बरं हाय का?' म्हटलं तरी उत्तर एकच : 'साडेसदतीस!'

ज्यानं जन्मात कपबशी विसळली नाही, तो माणूस आता अंडी निवडतो. आठवड्याहून जुनं नको, तडा गेलेलं नको, आणि धुतलेलं तर मुळीच नको. कवचावरचा नैसर्गिक थर गेला की जंतूंना रान मोकळं. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल. फिरवायचं ते दिवसातून तीनदा किंवा पाचदा, विषम आकड्यानंच, म्हणजे रोज रात्रभर तेच अंग वर राहत नाही. त्यासाठी पहाटेचा गजर. काकूंनी एकदाच विचारलं, 'पोरांच्या येळंला कुटं हुता ह्यो गजर?' आबांनी उत्तरादाखल आर्द्रता वाचून दाखवली.

आर्द्रतेवरून तर आईशीच वाजलं. मोबाइलवरच्या कुणा तज्ज्ञाच्या सांगण्यावरून आबांनी पेटीत पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दिवस आषाढाचे. केरा आणि कोयना दुथडी भरलेल्या, भिंतींना ओल. म्हातारी म्हणाली, 'भाईर धो धो पडतंय, आन् आत आनि पानी कशाला?' म्हातारीचं बरोबर होतं. अंड्यातलं पाणी हळूहळू उडालं तरच आतली हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास मिळतो. सुरुवातीला पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता पुरते. शेवटचे तीन दिवस ती पासष्टच्या वर लागते, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. आबांनी वाट्या काढल्या, पण 'मीटर बघून', आईचं ऐकून नव्हे.

मग वीज गेली. उशाला १९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प, डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या, आणि आबा अंधारात. 'समद्या म्हाराष्ट्राला उजेड द्यायचा आपण, आन् माझं दोन बल्ब जड झालं व्हय?' पेटीवर घोंगडी आली, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या आल्या. झाकण न उघडता पेटी अशी गुंडाळून ठेवली तर अंडी काही तास तग धरतात. आबा धरत नाहीत.

खरी परीक्षा अठराव्या दिवसापासून. अंडी फिरवणं बंद, झाकण बंद, एकविसाव्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मुंबईत टोळीचा मुकादम राहिलेल्या माणसाला हात न लावता काम होतं हेच पटत नाही. कवचाला टोच पडली की आबांचा चिमटा निघालाच. पण पिल्लू बाहेर यायला एक अख्खा दिवस लागू शकतो, आणि त्याआधी कवच सोललं तर आतल्या जिवंत शिरा फुटून ते दगावतं. म्हणून काकू पेटीपुढे पाट टाकून भाजी निवडत बसल्या. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. काकूंनी तेवढे दिवस गवारी पुरवली.

पिल्लं निघाली. आता आबा आळीला शिकवतात : खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, गोणपाट घाला, पाण्याच्या बशीत खडे टाका, नाहीतर बुडून मरतील, पहिला आठवडा पस्तीस डिग्री ऊब.

यंदा धाकटी लेक बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात आबांनी नर्सला आधी खोलीचं तापमान विचारलं, मग बाहेर बाकावर बसले. आत गडबड ऐकू येताच जावई उठून दाराकडे धावले. आबांनी शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

'बसा पावणं. झाकाण उघडायचं नसतंय.'