टक्केवाले आप्पा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या चलथाणात खानदेशी माणसे पोटासाठी उतरली आणि त्यांच्याबरोबर टक्केवाले आप्पाही उतरले. आप्पा ही एक व्यक्ती नव्हे, तो प्रकार आहे. चहाच्या लारीवर, मिलच्या फाटकाशी, उसाच्या ट्रकमागे तो कुठेही भेटतो. खिशात पेन, कागद मात्र नेहमी दुसऱ्याचा. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे त्याला ठाऊक आहे. बॅटरी लावताना एकदा चुकून उघडला होता. २,४०० चे अठरा टक्के विचारा. दहा टक्क्यांचे २४०, त्याच्या निम्मे १२०, वर तीन टक्क्यांचे ७२, मिळून ४३२. खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण्यात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे आणि ‘लीलावती’त शेकडा व्याजाची गणिते आहेत. एवढ्या पुराव्यावर आप्पा भास्कराचार्यांना गाववाले मानतात.

लोक त्यांना हसतात, पण माझ्या मते हाताने टक्के काढणारा सहसा फसत नाही. भागाकार मांडायचा तर खाली काय लिहायचे, हे आधी ठरवावेच लागते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३१५ वरून ३४० रुपये केला. वाढ २५ ची. ती ३४० ने भागली तर सात टक्क्यांच्या थोडी वर, ३१५ ने भागली तर जवळजवळ आठ. वाढ जिथून सुरू झाली त्यानेच भागायचे, म्हणून आप्पा ३१५ खाली लिहितात. खरी गंमत पुढे आहे. हा दर सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, होता. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. उतारा सव्वाअकरावर गेला की लोक म्हणतात, “एकच टक्का वाढला.” आप्पा कागद ओढतात: सव्वादहावर एक म्हणजे पावणेदहा टक्के, आणि दर ३७३ रुपये २० पैसे, म्हणजे तोही तेवढाच वाढलेला. चलथाणचा साखर कारखाना सहकारी, त्याच्या भावाचे गणित वेगळे, हे कुणी सुनावले तर आप्पा दुसरा कागद मागतात.

मोबाईल हेच क्षणात करतो, हा आक्षेप खरा. पण २५ ला ३४० ने भागा की ३१५ ने, तो सारख्याच तत्परतेने उत्तर देतो. “कशाचे टक्के?” हे तो विचारत नाही. आप्पा वेळ खातात, हा आक्षेपही खराच, आणि त्याला उत्तर नाही. लग्नाच्या पंगतीत यंदा जिलबी किती टक्क्यांनी आखडली हे काढून ते वधूपित्याचा घास अडवतात. पण मंदीत १२,००० चा पगार दहा टक्के कापला आणि वर्षाने दहा टक्के वाढवला की “झाली भरपाई” म्हणत सगळे निवांत होतात. १०,८०० वर दहा टक्के चढले तर होतात ११,८८०. आप्पा उरलेल्या १२० भोवती गोल काढून कागद सगळ्यांसमोर फिरवतात, आणि चहाचे पैसे दुसरा कुणी देईपर्यंत पेनाचे टोपण शोधत बसतात.