मदत करू नका, शिकवणी चालू आहे

लॅब्रॅडोर कुत्र्याच्या हावरटपणाला शास्त्राचा आधार आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही लॅब्रॅडोरांच्या पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडाच गायब असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत धड पोचत नाही. सरसकट पाहिलं तर चारातल्या साधारण एकात हा दोष सापडला. अपंगांच्या मदतीसाठी जोपासलेल्या लॅब्रॅडोरांत मात्र चारातल्या तिघांत! म्हणजे पिढ्यानपिढ्या लोक समजत होते की आपण शहाणी, आज्ञाधारक कुत्री निवडतोय, आणि निवडत होते खादाड. आमच्या खारीची जनुकं मी तपासून घेतलेली नाहीत. विजेचं बिल आणायला सांगितल्यावर तिनं ते आणलं, पण रकमेचा भाग वाटेत खाल्ला. एवढा पुरावा मला पुरे आहे.

खारी फिक्या पिवळ्या रंगाची, दहा महिन्यांची. मी व्हीलचेअरवर. माझ्या बोटांत पकड नाही आणि खाली वाकले तर पुन्हा सरळ करायला दादा लागतो. तेव्हा खाली पडलेली वस्तू उचलून मांडीवर ठेवणं आणि दाराला बांधलेली दोरी ओढून फ्रिज उघडणं, ही तिची नेमून दिलेली कामं. खुर्ची ओढण्याचं काम हाडं पुरती भरेपर्यंत द्यायचं नसतं. फ्रिज ती आता झकास उघडते. बंद करणं हा वेगळा धडा आहे आणि त्यात तिला स्वतःचा काही फायदा दिसत नाही.

बक्षीस द्यायला माझा हात तिच्या तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून लांब दांड्याचा लाकडी चमचा, त्याच्या टोकाला घरी वाटलेलं शेंगदाण्याचं लोणी. घरीच वाटलेलं, कारण बाजारातल्या काही बरण्यांत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विष. चमचा माझ्या मनगटाला पट्ट्यानं बांधलेला असतो. या अवतारात मी जिन्याखाली बसलेली दिसले की नवीन कुरिअरवाला पार्सल लांबूनच ठेवून जातो.

खरी मजा आवाजाची. १९६०च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा कुठे बांधणार? म्हणून शिट्टी आणि मागोमाग मासा. तीच युक्ती पुढे कुत्र्यांसाठी क्लिकर म्हणून आली. ‘टिक्’ वाजलं की समजायचं, आत्ता जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय. नियम एकच : आवाज झाला की खाऊ दिलाच पाहिजे, नाहीतर आवाजाची पत जाते. माझ्या बोटांना क्लिकर दाबता येत नाही, म्हणून मी जिभेनं ‘च्च’ करते.

आणि आपल्याकडे व्हीलचेअरवरची तरुण बाई दिसली की लोक काय करतात? लक्ष्मी रोडला पहिल्यांदा गेलो तर एका आजींनी मला पाहून ‘च्च च्च’ केलं. खारी जागच्या जागी थांबली, शेपूट हलवली आणि माझ्याकडे बघायला लागली. दोनदा झालं होतं, दोन चमचे झाले. पुढे साडीच्या दुकानातून ‘च्च’. केळीवाल्याकडून ‘च्च, बिचारी’. सगळं गाव आपल्याला शाब्बास म्हणतंय आणि ही बाई खाऊ द्यायला टाळाटाळ करतेय, अशी खारीची समजूत. हळहळ लोकांची, खर्च माझा. घरी येईपर्यंत बरणीचा तळ दिसला.

खालच्या लॉबीतला किल्ल्यांचा धडा याहून अवघड. मी मुद्दाम किल्ल्या टाकायच्या, ‘उचल’ म्हणायचं, तिनं उचलून द्यायच्या. पण किल्ल्या खाली पडल्याचा आवाज आला की वॉचमन धावतो, दूधवाला धावतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका तर लिफ्टचं दार अडवून धावतात. ‘राहू दे काका, तिला शिकवतेय,’ म्हटलं तर, ‘अगं, मुकं जनावर ते, त्याला कशाला त्रास? मी आहे ना!’ आणि किल्ल्या परस्पर दादाच्या हातात. वर त्यालाच विचारणार, ‘हिला आता बरं आहे ना?’ हल्ली एवढीच प्रगती आहे, की दादा नसला तर हा प्रश्न खारीला विचारतात.

विलायतेत एंडल नावाचा एक लॅब्रॅडोर होता. आखाती युद्धाच्या वेळी जायबंदी झालेल्या ॲलन पार्टन यांच्या व्हीलचेअरबरोबर हिंडायचा आणि एटीएममधून त्यांचं कार्ड काढून द्यायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या एटीएमला पायऱ्या आहेत. म्हणजे उद्या खारी मशिनपर्यंत पोचेल, मी नाही. पिन तिला सांगावा की काय, यावर घरात दोन मतं आहेत. विजेचं बिल ज्यांनी पाहिलं त्यांचं मत विरुद्ध.

शेवटी मी ठरवलं, आधी काकांना तयार करायचं. सांगितल्याशिवाय मदत न करणं खारीला जमतं, तर निवृत्त बँक मॅनेजरला का जमू नये? पद्धत तीच. किल्ल्या टाकल्या, काका पुढे झाले, मी गप्प. पुन्हा टाकल्या, काका क्षणभर घुटमळले, लगेच ‘च्च!’ आणि आईनं केलेली नाचणीची वडी. काकांनी चमच्यावरून घेतली नाही, डब्यातून घेतली, एवढाच फरक. आता ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि खारी किल्ल्या माझ्या मांडीवर ठेवेपर्यंत श्वास रोखून बघतात. मग दोघंही डब्याकडे.

पण शिकवणीत एक कायम येणारी अडचण आहे. घराजवळ जमतं ते गर्दीत जमेलच असं नाही. परवा शेजारच्या लग्नात माझा रुमाल पडला. खारी तिथल्या तिथे उठली, माझ्या खुणेची वाट बघत उभी राहिली आणि काका मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन चार टेबलं ओलांडत आले. पुढचा महिनाभर त्यांना लॉबीच्या बाहेर न्यायचं नाही, असं ठरवलंय.