दांडी गुल, तंत्र ९१ टक्के

परवा शिवाजी पार्कात पहिल्याच चेंडूवर माझी दांडी उडाली. मधली. संध्याकाळी मोबाइल थरथरला आणि मला कळलं, की तो फटका ९१ टक्के अचूक होता. बॅकलिफ्ट उत्तम, डोकं स्थिर, पुढचा गुडघा हवा तेवढाच वाकलेला. खाली हिरव्या अक्षरांत ‘कमाल! असाच खेळत राहा!’ आणि वर जाणारे तीन फुगे. उरलेले ९ टक्के म्हणजे बहुधा चेंडू असावा.

मी अकरावीत आहे, दादर पश्चिमेला राहतो आणि गेली तीन वर्षं क्रिकेट शिकतो. शिकतो म्हणजे एका अकादमीची फी भरतो. नाव सांगत नाही. बाबांनी वर्षाचे पैसे एकरकमी भरलेत आणि ते परत मिळत नाहीत असं पावतीवर बारीक अक्षरांत लिहिलंय.

अकादमीत सर आहेत. सरांच्या हातात टॅब आहे. नेटच्या मागे तिपाईवर एक मोबाइल, माझ्या बॅटच्या मुठीवर सेन्सर, मनगटावर घड्याळ. मी चेंडू खेळतो, ते सेन्सर घड्याळाला सांगतो, घड्याळ मोबाइलला, मोबाइल टॅबला आणि टॅब सरांना. सर माझ्यापासून आठ पावलांवर उभे असतात. एवढा वळसा घालून तर आमच्या सोसायटीतल्या भांडणाची बातमीसुद्धा फिरत नाही. एकदा मी विचारलं, ‘सर, माझा पुल हवेत का जातोय?’ सर मान वर न करता म्हणाले, ‘थांब, अपलोड होतंय.’

अपलोड व्हायला वेळ लागतो, कारण पार्कातली लाल माती. ती आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांत जाते, आजींच्या दम्यात जाते, तशीच मोबाइलच्या लेन्सवरही बसते. त्या दिवशी सगळ्यांचं फूटवर्क धूसर येतं. मग आई-बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा होते, ‘आज आमच्या चिरंजीवांचे टक्के का आले नाहीत?’ दहावी झाली तेव्हा आईला वाटलं होतं, टक्क्यांचा विषय निदान दोन वर्षं तरी मिटला. आता ती रोज रात्री पोळ्या लाटता लाटता विचारते, ‘पलीकडच्या विंगमधल्याला ९४ पडलेत म्हणे कव्हर ड्राइव्हला?’ तो मुलगा यंदा तीन सामन्यांत मिळून अकरा धावा करून आहे. पण ते अ‍ॅपमध्ये कुठे येत नाही. धावा हाताने भराव्या लागतात.

आजोबांना यातलं काही सांगायची सोय नाही. ते संध्याकाळी कट्ट्यावर बसतात आणि ‘आचरेकर सरांच्या वेळी’ अशी सुरुवात करतात. कट्ट्यावरच्या प्रत्येक आजोबांनी लहानपणीच्या सचिनला निदान एक चेंडू टाकलेला आहे. हिशेब केला तर त्या पोराला रोज सातशे बोलर लागत असावेत आणि त्यातल्या साडेसहाशे जणांनी त्याला बाद केलेलं असावं. त्यामुळे मी कट्ट्यावरचा इतिहास अर्धा वजा करूनच घेतो. पण उरलेला अर्धा खरा आहे, ही पंचाईत आहे.

सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. प्रथम श्रेणीचा सामना ते आयुष्यात एकच खेळले. आजच्या हिशेबात त्यांचं प्रोफाइल कोणी उघडूनसुद्धा बघितलं नसतं. आमच्या अकादमीच्या फलकावर सरांच्या नावाखाली त्यांनी कुठून काय लेव्हल केली याच्या चार ओळी आहेत. त्या वाचून होईपर्यंत नेटमधली पाळी संपते. आचरेकरांकडे डोक्यावर टोपी होती आणि बुडाखाली स्कूटर. त्या स्कूटरवर मागे बसवून ते सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एक सामना संपला की दुसऱ्यात घुसवत. त्या पोराची बॅट किती अंशांत फिरते हे कोणी मोजलं नव्हतं. ती किती वेळ फिरते एवढंच मोजलं जात होतं.

आणि ते झाड. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला पहिल्यांदा पार्कात घेऊन आला, तेव्हा सर बघतायत म्हटल्यावर पोरगं बावचळलं आणि काही केल्या बॅटला चेंडू नीट लागेना. अजितने सरांना विनवलं, तुम्ही गेलात असं दाखवा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले. पोरगं खेळायला लागलं. पुढचं जगाला माहीत आहे. माझ्या मते भारतीय क्रिकेटमधलं हे पहिलं रिमोट मॉनिटरिंग. सबस्क्रिप्शन नाही, चार्जिंग नाही, अपडेट म्हणाल तर पावसाळ्यात नवी पालवी. फक्त एकच अट होती, झाडामागे उभ्या असलेल्या माणसाने समोर बघायला हवं होतं. आमच्या सरांना झाड दिलं तर ते आधी त्याचं वायफाय शोधतील.

१६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन म्हणाला होता, की २९ वर्षांत सर त्याला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत. पोरगं शेफारेल अशी त्यांना धास्ती. शंभर शतकं करूनही नाही. मी तेव्हा लहान होतो, पण ती क्लिप नंतर पंचवीसेक वेळा पाहिली आहे. माझं अ‍ॅप मला परवा एका दिवसात चौदा वेळा ‘वेल प्लेड’ म्हणालं. त्यातल्या एका वेळी मी बॅट टेकवून बुटाची नाडी बांधत होतो.

तंत्रज्ञानाला शिव्या घालायचा हक्क कोणाला असेल तर तोही आमच्या पार्कालाच. टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघून तिसऱ्या पंचांनी बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज कोण? सचिन. डर्बन, १९९२. जाँटी ऱ्होड्सची फेक, काही इंचांचा फरक आणि मैदानावरच्या पंचांनी हवेत काढलेला चौकोन. तारीख १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिन, आणि बाळ १९ वर्षांचं. भारतभरच्या घरांत तेव्हा पहिल्यांदा लोक पंचाऐवजी टीव्हीवर चिडले असतील. तरी बरं, त्या कॅमेऱ्याने निदान बाद झालास एवढं तरी खरं सांगितलं. ‘बाद झालास, पण धावताना हाताची हालचाल सुंदर होती’ असं नाही सांगितलं.

शाळेत ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध मी चार वेळा लिहिलाय. चारही वेळा सचिन, चारही वेळा दहापैकी सात. तेव्हा आदर्श सोपा होता, कारण तो भिंतीवरच्या पोस्टरमध्ये होता आणि बोलत नव्हता. आता तो दिवसभर खिशात बोलत असतो. कधी तेल विकतो, कधी बँक, कधी पंखा. सचिनने दारू-तंबाखूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत, वडिलांना शब्द दिला होता म्हणून. हे सांगायलाच हवं. पण ऑनलाइन गेमिंगची केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू कार्यकर्त्यांसह थेट वांद्र्याच्या घरासमोर येऊन घोषणा देत उभे राहिले: जाहिरात सोडा, नाहीतर भारतरत्न परत करा. पुढे जानेवारी २०२४ मध्ये सचिनच एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करतोय असा व्हिडिओ फिरला. आवाज त्याचा, चेहरा त्याचा आणि तो मात्र त्यात नाही. डीपफेक. खऱ्या सचिनला पुढे येऊन सांगावं लागलं, की हा मी नव्हे. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ते सांगणं पोचलं तेव्हा एका काकांनी लिहिलं, ‘हा खुलासा तरी खरा आहे कशावरून?’ काकांचं चुकलं असं मला म्हणवेना.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला आणि भारतीय संघाच्या छातीवरचं गेमिंगवाल्या प्रायोजकाचं नावच गेलं. आशिया चषकात आपली मंडळी रिकाम्या छातीने खेळली आणि जिंकलीसुद्धा. मला वाटलं, आता कळेल की छाती रिकामी ठेवली तरी काही बिघडत नाही. थोड्याच दिवसांत तिथे टायर आले.

आदर्श वापरायचा कसा, हे खरं तर कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेला विचारायला हवं. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, धोनीही एके काळी तोच. धोनी मैदानात डोकं थंड ठेवतो, तसंच आपण रायफल धरताना ठेवायचं, एवढंच त्याने त्याच्याकडून घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणलं. आमच्या संघातल्या सलामीवीराने विराटकडून घड्याळ घेतलं. म्हणजे तसलंच दिसणारं, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून, साडेचारशेला. तो कानात हेडफोन घालून, किटबॅग ओढत, खाली मान घालून पार्काच्या फाटकातून आत येतो आणि त्याचा भाऊ ते स्लो मोशनमध्ये टिपतो. हे तो आठवड्यातून तीनदा करतो. फलंदाजी एकदा.

पण सगळ्यात अवघड रील मी ३ डिसेंबर २०२४ ला पाहिलं. आचरेकर सरांच्या स्मारकाचं पार्कात अनावरण होतं. मंचावर विनोद कांबळी बसलेला. सचिन त्याच्यापाशी गेला, विनोदने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तेवढे काही सेकंद देशभर फिरले. खाली हजारो जणांनी दोघांच्या तब्येतीची तुलना केली, कोण कसं घडलं आणि कोण कसं बिघडलं याचे निकाल लावले. पण ही जोडी आधी एकत्रच गाजली होती: फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड, शारदाश्रमची ६६४ धावांची भागी. सचिन ३२६, कांबळी ३४९, दोघेही नाबाद. सांगतात की जेवणाच्या सुट्टीत पोरांनी फोन लावून सरांना विचारलं, ३५० होऊ द्या ना. पलीकडून उत्तर आलं, डाव घोषित करा. गुरू एकच, मैदान तेच, सरावात सर स्टंपवर ठेवत ते नाणंही तेच. मग पुढे दोन माणसं दोन वाटांनी का गेली, याचं उत्तर रीलखालच्या त्या हजारो जणांकडे आहे, माझ्याकडे नाही. मला एवढंच दिसलं, की ज्यांच्या स्मारकासाठी जमले होते ते सर त्या व्हिडिओच्या चौकटीत कुठेच नव्हते.

पार्कातच समर्थ व्यायाम मंदिर आहे. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती इथल्या मल्लखांबासाठी. नेट संपल्यावर मी कधी कधी तिथे उभा राहतो. पोरं एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर चढतात, पायाने आढी मारून उलटी होतात. खाली शिकवणारा उभा. त्याच्या हातात मोबाइल नाही. तंत्रज्ञानाशी त्याचं वैर असेल असं नाही, पण वर एक सात वर्षांचं पोरगं डोकं खाली करून लटकलंय म्हटल्यावर नोटिफिकेशन कोण बघणार? क्रिकेटमध्ये पोरं सरळ उभी राहतात, हाच आमचा तोटा.

गेल्या रविवारी मी ठरवलं, आचरेकर पद्धत करून बघू. मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं. जो बोलर बाद करेल त्याला ते नाणं, कोणीच नाही केलं तर ते माझं. सचिनने अशी १३ नाणी जिंकून जपून ठेवली आहेत. मला एक लागत होतं. मी अकादमीतल्या २६ पोरांना विचारलं. कोणाकडेच नव्हतं. सरांकडे नव्हतं. शेंगदाणेवाल्याकडे गेलो तर त्याने पाटीवरचा क्यूआर कोड पुढे केला. स्टंपवर क्यूआर कोड ठेवावा काय, यावरही पाच मिनिटं चर्चा झाली. सलामीवीराचं म्हणणं, दांडी उडताना स्कॅन होणार नाही. शेवटी कट्ट्यावर आजोबांकडे गेलो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि मंदिरात टाकायचं ठेवलेलं नाणं माझ्या हातावर ठेवलं. ‘परत आण,’ म्हणाले.

नाणं स्टंपवर ठेवलं. नेटमध्ये एकदम शांतता पसरली. पाच बोलर होते, पाचही जण रनअपच्या टोकाला जाऊन उभे राहिले. एरवी दोघे नेटला टेकलेले असतात. एक रुपयासाठी. मी सेन्सर काढून ठेवला, तो चुकून नव्हे. पहिले सहा चेंडू मी नुसते अडवले. सरळ बॅट, कोपर वर, डोळे चेंडूच्या शिवणीवर. सातवा अकरा वर्षांच्या एका चिमुरड्याने टाकला, ऑफ स्पिन, पडला आणि आत आला. खाडकन आवाज झाला. नाणं उडालं.

आणि दिसेना. लाल मातीत एक रुपया म्हणजे काय हो. सगळे गुडघ्यांवर बसले. पालकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. सरांनी टॅब गवतावर उपडा ठेवला, दोन्ही हातांनी माती चाळली आणि चाळता चाळता खालूनच मला म्हणाले, ‘पुढचा पाय आडवा टाकतोस तू. तिथून आत येतो तो.’ तीन वर्षांत त्यांनी माझ्या पायाबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

नाणं यष्टिरक्षकाच्या बुटाखाली सापडलं. चिमुरड्याने ते पँटला पुसलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, मोज्यात खोचलं आणि रनअपकडे निघाला. अर्ध्यावर थांबून मागे वळला.

‘दादा, अजून एक आहे का?’