सर्वभक्षी माशासाठी चोखंदळ खरेदी

पिकरेल हा मासा काय खातो, यापेक्षा काय खात नाही ते विचारणं सोपं. छोटे मासे खातो, बेडूक खातो, क्रेफिश खातो, पाण्यात पडलेला उंदीर खातो आणि वेळ आलीच तर स्वतःच्या धाकट्या भावंडांनाही सोडत नाही. इतक्या बिनदिक्कतपणे सगळं गिळणाऱ्या प्राण्यापुढे काय टाकावं, याचा माणसाने किती विचार करावा? आम्ही मॅसॅच्युसेट्सवाले आयुष्यभर करतो. त्यासाठी कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची पेटी घेतो. ती भरली की दुसरी घेतो.

मी मूळचा मालवणचा. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे गरी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि एक कोळंबी. माशाने कोळंबी खाल्ली तर मासा घरी यायचा, नाही खाल्ली तर कोळंबी घरी यायची. कालवण दोन्हीकडून ठरलेलं. आमिष ‘निवडायचं’ असतं, हे मला बॉस्टनच्या पश्चिमेला राहायला आल्यावर कळलं.

इथे घराघरामागे तळं आहे आणि तळ्यातळ्यात पिकरेल आहे. हिरवट सोनेरी अंग, त्यावर साखळीसारखी नक्षी, म्हणून पूर्ण नाव चेन पिकरेल. तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, पण आत दातांची दाटी. दीड-दोन फूट लांबीचा मिळाला की माणूस फोटो काढतो. जागतिक विक्रम १९६१ साली जॉर्जिया राज्यात पकडलेल्या ९ पौंड ६ औंसांच्या माशाचा, म्हणजे जेमतेम सव्वाचार किलोचा. पण त्याचा रुबाब वजनात नाही, पवित्र्यात आहे. थकबाकीदाराची वाट बघत सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टपाशी उभे असतात, तसा हा कमळपानांखाली हालचाल न करता उभा असतो. समोरून काहीही गेलं की झडप.

हे ‘काहीही’ जिथे मिळतं ते दुकान आमच्या गावाबाहेर आहे. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, “काय पकडायचंय?”

“पिकरेल.”

“मग काहीही चालेल,” तो म्हणाला, आणि ‘काहीही’ने भरलेल्या तीन भिंती दाखवल्या.

त्या भिंतींवर निम्मा इतिहास टांगलेला आहे. व्हरमाँटच्या जुलिओ ब्यूएलचा जेवणाचा चमचा म्हणे होडीतून तळ्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो पकडला. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८५२ साली ब्यूएलने चमच्याच्या गळाचं पेटंट मात्र खरोखर घेतलं. मग डेट्रॉइटच्या लू एपिंगरचा चमचा, लाल अंगावर पांढरा पट्टा. मग फ्रान्समधून आलेला मेप्स, तारेवर गरगर फिरणाऱ्या पात्याचा स्पिनर. मग फिनलंडच्या लाउरी रापालाचा मासा. या गृहस्थाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. इतकी कलाकुसर बघून मी म्हाताऱ्याला विचारलं, “पिकरेलला यातला फरक कळतो?”

“त्याला कळत नाही,” तो म्हणाला, “पण तुला आवडलाय.” आणि त्याने पिशवी उघडली.

हेन्री डेव्हिड थोरोच्या १८५४ सालच्या ‘वॉल्डन’मध्ये हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण आहे. त्यात बर्फाला भोक पाडून पिकरेल धरणारे कोळी भेटतात. जमीन गोठलेली, म्हणून ते कुजक्या ओंडक्यांतून अळ्या काढतात. अळीला पर्च नावाचा मासा गिळतो, पर्चला पिकरेल गिळतो आणि पिकरेलला माणूस. थोरोची साखळी इथे संपते. त्याच्या काळी दुकानं कमी असावीत. हल्ली माणसाला दुकान गिळतं.

दुकानात जिवंत खाद्यही मिळतं. मोठाली गांडुळं डझनाच्या हिशेबाने डब्यात येतात आणि ती गारव्यात ठेवावी लागतात, म्हणजे आमच्या फ्रीजमध्ये. आता आमच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात हिरवं वाटण असतं आणि दह्याच्या डब्यात कालची आमटी, त्यामुळे डब्यावर काय छापलंय ते घरात कोणीही वाचत नाही. गणपतीत मराठी मंडळातले एक गृहस्थ चटणी शोधत तिथवर पोचले. तेव्हापासून ते आमच्याकडे आले की फक्त चहा घेतात, तोही त्यांच्यासमोर केलेला.

एवढी अब्रू घालवूनही पिकरेलच्या कामाला गांडूळ फारसं येत नाही. तो पुढे येण्याआधी तळ्यातले चिल्लेपिल्ले सनफिश आणि पर्च टोचून टोचून ते संपवतात. शायनर नावाचा जिवंत चंदेरी मासा मात्र हुकमी. हिवाळ्यात बर्फाच्या भोकावर टिप-अप लावायचा, खाली शायनर सोडायचा आणि लांब बसून कॉफी प्यायची. माशाने ओढलं की टिप-अपचं निशाण ताडकन उभं राहतं. तोवर कॉफी गोठलेली असते.

उरलेल्या महिन्यांत मात्र प्रश्न निवडीचाच. म्हाताऱ्याचं शास्त्र असं: पाणी नितळ असेल तर चांदी, चहासारखं तांबूस असेल तर सोनं. मी दोन्ही पाण्यांत दोन्ही धातू टाकले. पिकरेलने कुठेही भेदभाव केला नाही. त्याला समोरून काहीतरी पळताना दिसलं की पुरे. चमच्याच्या मागे येऊन तो मध्येच थबकला, तर आपल्याला वाटतं थांबून आर्जव करावं. उलटं करायचं. रीळ जोरात फिरवायचं. सावज निसटतंय म्हटल्यावर त्याला राहवत नाही. पाणी फार गार असेल तेव्हाच हळू ओढायचं, कारण तोही थंडावलेला असतो.

मग निवडायचं तरी काय? तर तळ्याची अडचण निवडायची. पिकरेल राहतो शेवाळात आणि कमळपानांत. तीन आकड्यांचा सुंदर गळ तिथे टाकला की दर वेळी किलोभर शेवाळ निघतं. तिथे लागतो एकाच आकड्याचा चमचा, ज्याच्या टोकापुढे गवत अडवणारी तार असते. किंवा स्पिनरबेट, ज्याची वाकडी तार आकड्याच्या पुढे चालते. पानांची गच्च चादर असेल तर वरून सरकणारा रबरी बेडूक. दुसरी अडचण दातांची. मऊ रबरी मासोळीची शेपटी तो पहिल्याच झडपेत कापून नेतो आणि साधी दोरीही कुरतडतो, म्हणून पुढे वीतभर तारेचा लीडर हवा. आणि गळ काढायला लांब तोंडाची पक्कड, नाहीतर डॉक्टरकडे जाऊन बोटं दाखवावी लागतात.

हे सगळं मी मालवणहून आलेल्या आत्येला समजावून सांगितलं. तिने सोबत स्वतःची गरी, तंगूस आणि शिशाचे तुकडे आणले होते. शिसं मी काढून घेतलं. एका औंसाहून हलकी शिशाची वजनं इथल्या गोड्या पाण्यात २०१२ पासून बंद आहेत. लून पक्षी ती गिळून मरतात. हे तिला पटलं. पण पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो म्हटल्यावर तिने पदर खोचला. “गरी टाकूक परवानो? आणि माशाक खावक?”

परवाना काढून तळ्यावर गेलो. तिने माझी पेटी उघडून सगळे कप्पे बघितले. “माशाक इतके रंग कित्याक? तेका काय लग्नाक जावचा आसा?” मग माझ्या बादलीतला एक पर्च उचलला, त्याच्या पोटाकडची पांढरी चकचकीत पट्टी कापली, गरीला लावली आणि ती पट्टी कमळपानांवरून ओढत राहिली. तिसऱ्या फेरीला पान फाटलं आणि पिकरेल तिच्या हाती आला. रिळं सर्रास होण्याआधी न्यू इंग्लंडची माणसं लांब बांबूला दोरी बांधून, पोटाच्या पट्टीने, नेमकं असंच पिकरेल धरायची.

आत्ये विजयी मुद्रेने माझ्याकडे वळली, तोच माझ्या लाल-पांढऱ्या चमच्याला दुसरा पिकरेल लागला. त्यामुळे पर्चची पट्टी विरुद्ध कारखाना या वादाचा निकाल काही लागला नाही. घरी मासा कापल्यावर त्याच्या मांसातले इंग्रजी वाय आकाराचे काटे निघाले, तेव्हा मात्र तिचं मत पक्कं झालं. तुकड्यांना अगदी लगतलगत चिरा देऊन, रव्यात घोळवून कडकडीत तळले की ते बारीक काटे कुरकुरीत होतात आणि मासा गोड लागतो. तिने चार तुकडे खाल्ले आणि म्हणाली, “सुरमई नाय मिळाली तर बरो.”

तेव्हा कधी या बाजूला आलात आणि पिकरेलचा मोह झाला, तर पेटीच्या भानगडीत पडू नका. गवतात न अडकणारा एक चमचा, एक स्पिनर, तारेचा लीडर आणि पक्कड एवढं पुरे. रंग तुमच्या आवडीचा घ्या, मासा विचारणार नाही. पाच पिकरेलच्या वर नेऊ नका आणि पंधरा इंचांखालचा परत सोडा, तसा कायदाच आहे. आणि दुकानात जायचंच असेल तर तळ्यावरून परत येताना जा. जाताना गेलात तर तळ्यावर पोचेपर्यंत अंधार पडतो.